संशयाचे बळी: चंद्रपूर-गडचिरोलीतील जादूटोणा, अफवा आणि कायदा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात जादूटोण्याच्या संशयावरून माणसे मारण्याचा प्रकार मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. लगतच्या बस्तरमधील माडिया आदिवासींच्या खून खटल्यांवर मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी १९४३ मध्ये पुस्तक लिहिले; त्यात खुनाच्या कारणांमध्ये चेटकाचा संशयही नोंदला आहे. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तरी दुर्गम गावांना दवाखाना लांब आणि पुजारी (गावचा मांत्रिक) जवळ, ही स्थिती पालटली नाही. ताप उतरत नाही, मूल दगावते, बैल मरतो. मग 'कुणी केले?' हा प्रश्न निघतो आणि कुणाचे तरी नाव पुढे येते. ते बहुधा विधवेचे, वृद्धाचे किंवा ज्याच्याशी जुना वाद आहे अशा शेजाऱ्याचे असते.

अंधश्रद्धा निर्मूलन कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, तेव्हा कुठे वर्षानुवर्षे रखडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने तो कायदा मंजूर केला. करणी केल्याच्या नावाखाली मारहाण करणे वा धिंड काढणे या कायद्याने गुन्हा ठरले. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. पोलीस ठाण्यांसाठी दक्षता अधिकाऱ्याची तरतूदही झाली.

दाभोलकरांच्या खुनाला आठ वर्षे होत असतानाच, ऑगस्ट २०२१ मध्ये, चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे भानामतीच्या संशयावरून सात दलितांना भर चौकात खांबांना बांधून मारहाण झाली. त्यांत स्त्रिया होत्या, वृद्धही होते. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरूनच एक स्त्री व एक पुरुष यांना जाळून मारण्यात आले. दोन्ही ठिकाणी अटका झाल्या, पण घडायचे ते घडून गेल्यावर.

मधल्या काळात अफवेला मोबाइल मिळाला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. पुजाऱ्याच्या शब्दाला अशी मर्यादा घालता येत नाही. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी नोडल अधिकारी नेमण्यास सांगितले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे. मात्र त्यासाठी वंश, जात, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा 'किंवा तत्सम' कारण लागते. जादूटोण्याचा संशय वा अफवा त्या यादीत नावानिशी नाही.