कल्हईच्या कथिलापासून सौरघटापर्यंत

दहावीत रसायनाच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिले होते : धातूंची ऑक्साइडे आम्लारिधर्मी असतात. आपण ते पाठ केले, एका मार्कासाठी लिहिले आणि विसरलो. मी पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेले. मागच्या उन्हाळ्यात जालन्याला आले, तेव्हा भावाने शेतातल्या सौरपंपाच्या पॅनेलकडे बोट दाखवून विचारले, "ताई, याहून स्वस्त कधी येणार?" उत्तर शोधताना गाठ पडली ती याच ऑक्साइडांशी.

आपल्याकडची बहुतेक पॅनेल सिलिकॉनची. हा घट १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला. पण सिलिकॉन शुद्ध करायला प्रचंड उष्णता लागते. २००९ मध्ये जपानच्या त्सुतोमु मियासाका आणि सहकाऱ्यांनी पेरोव्स्काइट रचनेचे स्फटिक वापरले. हा पदार्थ द्रावणातून काचेवर पसरवता येतो. त्या घटाची कार्यक्षमता होती ३.८ टक्के आणि आयुष्य काही मिनिटांचे!

ऊन पडले की पेरोव्स्काइटमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा होतो. त्याला लगेच एका दिशेने बाहेर काढले नाही, तर तो पुन्हा जागेवर जातो आणि ऊर्जा वाया जाते. बाहेर काढण्याचे काम टायटॅनियम डायऑक्साइडचा थर करी. भिंतीच्या रंगात असते तीच पांढरी पूड. पण ती नीट बसवायला सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापमान लागे आणि अतिनील किरणांत तोच थर शेजारच्या पेरोव्स्काइटला बिघडवी. म्हणून अनेक संशोधक कथिलाच्या ऑक्साइडकडे वळले. ते २०० अंशांच्या आत तयार होते आणि अतिनील किरणांत कमी त्रास देते. कथील म्हणजे आपल्या भांड्यांच्या कल्हईतलेच! आज प्रयोगशाळेतल्या घटांची कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या वर गेली आहे. आयआयटी मुंबईतही, २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय केंद्रात, सिलिकॉनच्या घटावर पेरोव्स्काइटचा घट बसवण्याचे काम चालू आहे.

मग भावाला काय सांगितले? पेरोव्स्काइटला ओलावा आणि उष्णता सोसत नाही, शिवाय त्यात बहुधा शिसे असते. सिलिकॉनच्या पॅनेलला २५ वर्षांची हमी मिळते. आपल्या मे महिन्यात या नव्या घटाने तेवढे टिकून दाखवायला हवे. तोवर आहे ते पॅनेल पुसत राहा, म्हटले.

आणि सर, कथिलाचे ऑक्साइड नुसते आम्लारिधर्मी नसते, उभयधर्मी असते. मैत्रीण म्हणते, हा अपवाद तुम्ही तेव्हाच सांगितला होता. माझ्या वहीत मात्र तो नाही.