समुद्रात उभा राहणारा पाऊस

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सहाच्या सुमारास चिंचणीच्या किनाऱ्यावर जावं. मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात, आणि दोन-चार माणसं समुद्राकडे तोंड करून बसलेली असतात. पश्चिमेला, क्षितिजाच्या जरा अलीकडे, काळ्या ढगांची भिंत उभी असते. तिच्या खालून पावसाचे पडदे पाण्यात उतरताना स्पष्ट दिसतात. किनाऱ्यावर मात्र थेंब नाही. तास जातो, दुसरा तास जातो, भिंत जागची हलत नाही. "दर्यात पडतोय," एवढंच कुणीतरी म्हणतं. बोईसरला राहायला आल्यापासून हे दृश्य मी कितीतरी पावसाळे पाहिलं आहे.

शाळेच्या भूगोलात या भिंतीला जागा नाही. तिथे प्रतिरोध पर्जन्य आहे: अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन वारे येतात, सह्याद्री आडवा येतो, वारे वर चढतात, थंड होतात, पाऊस पडतो. पलीकडे पर्जन्यछाया. या आकृतीवर आपल्या तीन-चार पिढ्या वाढल्या, आणि त्यातूनच एक मत पक्कं झालं. ते मत शिक्षक, अभियंते, पत्रकार, सगळ्यांकडून ऐकू येतं. कोकणच्या पावसात शोधण्यासारखं आता काही उरलेलं नाही. कारण डोंगर, पुरावा डोळ्यांसमोर. उरलंसुरलं उपग्रह आणि रडार दाखवतातच. ढगांत विमानं घालायचीच तर सोलापूर-मराठवाड्यात घालावीत, जिथे पाऊस पाडायचा आहे. पालघरच्या ढगांत विमान नेणं म्हणजे भरल्या विहिरीत घागर रिती करणं.

हे मत मांडणारी माणसं अडाणी नाहीत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. घाटमाथ्यावर पाऊस वाढतो, हे कुणीच नाकारत नाही. पण 'वाढतो' आणि 'त्यामुळेच पडतो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तरेकडे कोकणपट्टी रुंद होत जाते. डहाणू-तारापूरच्या किनाऱ्यापासून त्र्यंबक-इगतपुरीकडचा मुख्य कडा बराच आत आहे. मधल्या जव्हारचं पठार जेमतेम साडेचारशे मीटर उंचीचं. ढग कड्याला आदळल्यावरच पाऊस पडत असेल, तर किनाऱ्यावर आणि त्याच्याही अलीकडे, भर समुद्रात, तो कशाला आदळून पडतो?

या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा विमानांनी शोधलं, तेही मुंबईत तळ ठोकून. १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी मुंबईत हवामान केंद्र उभं राहिलं. कॉलिन रॅमेज त्याचे प्रमुख होते. अमेरिकी हवामान खात्याची आणि वुड्स होल सागरविज्ञान संस्थेची संशोधन विमानं इथून अरबी समुद्रावर जाऊ लागली. त्या जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तर कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यासमोर एक विलक्षण प्रणाली सापडली. जमिनीलगतच्या नकाशावर ती जवळजवळ दिसतच नव्हती. तिचा भोवरा होता तीन ते सहा किलोमीटर उंचीवर. खाली भोवऱ्याचा मागमूस नाही, वर आवर्त फिरतंय, आणि त्यातून किनाऱ्यावर धो धो पाऊस. मिलर आणि केशवमूर्ती यांनी त्यावर लिहिलेला ग्रंथ १९६८ मध्ये आला, आणि 'मध्य-तपांबरी चक्रवात' ही संकल्पना हवामानशास्त्रात रुजली. या पावसात डोंगराचं कर्तृत्व दुय्यम आहे. उत्तर कोकणातल्या मोठ्या पावसाचं एक महत्त्वाचं कारण असं विमानातून हाती लागलं. वेधशाळेच्या गच्चीवरून ते दिसणं शक्यच नव्हतं.

दुसरी दुरुस्ती १९७९ च्या मोनेक्स, म्हणजे मान्सून प्रयोगाच्या मोहिमेतून आली. त्याही वेळी विमानं मुंबईहून उडाली. त्या मोहिमेची निरीक्षणं हाताशी घेऊन ग्रॉसमन आणि डरन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की सह्याद्रीचा परिणाम कड्यापाशी सुरू होत नाही. डोंगराच्या चाहुलीने वारा किनाऱ्याच्या बराच आधी, समुद्रावरच मंदावतो. मागून येणारी हवा त्याच्यावर चढते आणि ढग तिथेच उभे राहतात. म्हणजे चिंचणीहून दिसणारी ती भिंत. १९८८ मध्ये ओगुरा आणि योशिझाकी यांनी त्यात भर घातली: एकट्या डोंगराने हे जमत नाही, समुद्रातून मिळणारी उष्णता आणि बाष्प, आणि उंचीनुसार बदलणारा वारा हेही हिशोबात धरावे लागतात. २०१६ मध्ये ब्रिटनचं चार इंजिनांचं संशोधन विमान बंगळूरहून सह्याद्री ओलांडून अरबी समुद्रावर गेलं, इतर गोष्टींबरोबर ही अदलाबदलही तपासायला: काही दिवस पाऊस समुद्रावर का राहतो आणि काही दिवस किनाऱ्यावर का येतो. पाठ्यपुस्तकातली आकृती खोटी नाही, पण ती शेवटच्या अंकाची आहे. नाटक समुद्रावर सुरू झालेलं असतं.

आता उपग्रह आणि रडार. इथे प्रतिपक्षाची बाजू सर्वांत भक्कम वाटते, म्हणून जरा थांबून पाहायला हवं.

उपग्रहाची अवरक्त नजर ढगाचा माथा पाहते. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि जितका उंच तितका पाऊस जास्त, असा तो अंदाज बांधतो. पण सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला पडणाऱ्या पावसाचा मोठा वाटा बुटक्या ढगांतून येतो. त्यांचे माथे फारसे थंड नसतात, बर्फाची भानगड नसते. कोमट ढगातच थेंब थेंबाला मिळून पाऊस तयार होतो. असा ढग वरून पाहणाऱ्याला किरकोळ वाटतो आणि खालच्याची भातखाचरं भरून टाकतो.

रडारचं गणित तर आपल्याला बोईसरमध्ये बसून करता येतं. कुलाब्याचं रडार इथून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. अर्ध्या अंशाच्या कोनात निघालेला त्याचा किरण, पृथ्वीचा बाक धरला तर, बोईसरवर पोचेपर्यंत जवळजवळ दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. पावसाळ्यात आमच्या डोक्यावरच्या ढगांचा तळ त्याच्या पुष्कळ खाली असतो. वेरावलीचं रडार जवळ आहे, तरी त्याचा किरणही इथे किलोमीटरभर वरून जातो. शिवाय रडारचा प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. दोन मिलिमीटरचा एक थेंब एक मिलिमीटरच्या ६४ थेंबांइतका आवाज करतो. अशा गोंगाटात मायक्रॉनमध्ये मोजायच्या ढगकणांना कोण विचारतो? आणि पाऊस पडणार की नाही, हे ठरतं त्याच कणांत. ढगकणांची प्रभावी त्रिज्या साधारण १२ ते १४ मायक्रॉनवर गेली की थेंब एकमेकांना गिळू लागतात आणि पाऊस सुरू होतो. हवा स्वच्छ असेल तर ही मर्यादा ढगाच्या तळापासून थोड्याच उंचीवर गाठली जाते. हवेत धूलिकण भरपूर असतील तर तेच पाणी असंख्य बारक्या कणांत वाटलं जातं, आणि ढगाला बरंच उंच जावं लागतं. भारतीय ढगांबाबत हे ठामपणे दाखवता आलं ते पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ पासून चालवलेल्या 'कायपीक्स' मोहिमेतल्या विमानांमुळे. पंखाखाली बसवलेल्या नळीत लेसरचा किरण असतो. विमान सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने ढगातून जातं आणि त्या किरणातून जाणारा एकेक कण मोजला जातो. जमिनीवरून याला पर्याय नाही. महाबळेश्वरची ढगप्रयोगशाळा २०१२ पासून उत्तम काम करते आहे, पण तिच्या हाती ढगाचे पाय लागतात, खांदे नाहीत, आणि ती पालघरहून दोनशे किलोमीटरवर आहे.

मुंबईचंच घ्या. २६ जुलै २००५ ला २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३. उपग्रह त्या दिवशीही आकाशात होते. डोंगरही जागेवरच होता.

विमानाच्या मोजणीवर एक चांगला आक्षेप येतो: एक विमान आकाशात चार तास राहणार, वादळी ढगाच्या गाभ्यात तर कुठलाही वैमानिक शिरणार नाही, मग त्या एका रेघेवरून काय कळणार? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे, शितावरून भाताची परीक्षा. फक्त आकाशात एकच पातेलं नसतं, म्हणून शितंही पुष्कळ आणि पुष्कळ वर्षं काढावी लागतात. बारामती परिसरात मिठाच्या पुडीचा प्रयोग १९७३ ते १९८६ दरम्यान ११ हंगाम चालला, तेव्हा कुठे पावसात सुमारे २४ टक्के वाढ दिसली, असं म्हणता आलं. २०१८-१९ मध्ये सोलापूरला २७६ ढग तपासले गेले; बीजारोपण झालेल्या ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत, आणि वाऱ्याच्या दिशेने १०० चौरस किलोमीटरवर सुमारे १८ टक्के अधिक पाऊस नोंदला गेला. हे आकडे मला मोलाचे वाटतात. पण त्यांच्यामुळे लोकांच्या मनात विमान म्हणजे पाऊस पाडायचं यंत्र, एवढंच उरलं. सोलापूरच्या मोहिमेतलं एक विमान ढगात मीठ टाकत होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं मोजत होतं, हे क्वचितच कुणी सांगतं. मोजणारं नसतं तर टाकणाऱ्याला काहीच सिद्ध करता आलं नसतं.

जिथे पाऊस मुबलक आहे तिथे मोजायचं कशाला, याचं उत्तर ॲमेझॉनने दिलं आहे. डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये जर्मनीचं 'हालो' विमान ब्राझीलमधल्या मनाऊसहून वर्षावनावर १४ किलोमीटर उंचीपर्यंत गेलं. निष्कर्ष २०२४ च्या अखेरीस 'नेचर'मध्ये आले. झाडं आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात. रात्रीची वादळं तो थेट ढगांच्या माथ्यापर्यंत नेऊन ठेवतात. सूर्य उगवला की विजांमुळे तयार झालेल्या नायट्रोजन ऑक्साइडांच्या सोबतीने, कडाक्याच्या थंडीत, त्यातून असंख्य नवे सूक्ष्मकण जन्मतात. ते वाढत खाली आले की पुन्हा ढगांची बीजं होऊ शकतात. जगातल्या सर्वांत ओल्या जंगलांपैकी एकावर हे घडतंय, आणि तिथल्या पावसात शोधण्यासारखं काही उरलं नाही असं कुणी म्हटलं नाही.

आमचं रान वर्षावन नव्हे. सागाचं, ऐनाचं, पानगळीचं आहे. पण इथली हवा त्याहून गुंतागुंतीची. समुद्राचं मीठ, अरबस्तानची धूळ, डहाणूच्या औष्णिक केंद्राची चिमणी, पावसाआधी जव्हार-मोखाड्यात भाजलेल्या राबांचा धूर, आणि तारापूरची औद्योगिक वसाहत, जी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ९३.६९ गुणांसह देशात पहिली आली. दर्यातून आलेला तोच ढग या सगळ्यावरून तास-दीड तासात जातो.

म्हणून मागणी साधी आहे. विमान नाशिकजवळच्या ओझरला ठेवा. तिथून डहाणूचा किनारा सव्वाशे किलोमीटर, उड्डाण वीस-बावीस मिनिटांचं. जूनच्या अखेरीस, वारा पक्का झाल्यावर, त्र्यंबकवरून निघावं, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मग तारापूरच्या अणुवीज केंद्राची हद्द टाळून बोईसरच्या चिमण्यांच्या बाजूने समुद्रावर, दीडशे किलोमीटर आत. ढगांच्या तळाखालून जावं, परतताना त्यांच्या पोटातून, तिसऱ्या फेरीत खांद्यावरून. समुद्रावर, वसाहतीवर आणि रानावर ढगकण किती आणि केवढे, हे तीन रकान्यांत मांडावं. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा. पहिली खेप त्या सकाळी काढावी, जेव्हा चिंचणीच्या समोर भिंत उभी आहे आणि वाळू कोरडी आहे.