एका मिनिटाचं घड्याळ

गेल्या दिवाळीत मी एक स्विस घड्याळ घेतलं. किंमत सांगत नाही, कारण घरी अजून खरी किंमत सांगितलेली नाही. तीस वर्षं नोकरी झाली, मुलगी कमावती झाली आणि मनात फार दिवस घोळत असलेली हौस एकदाची भागवली.

पहिल्या आठवड्याचं मत विचाराल तर पहिली जाणीव वजनाची. पोलादी पट्ट्यासकट ते मनगटावर बसलं की आपण काहीतरी घातलंय हे हात विसरू देत नाही. काचेभोवती फिरणारी कडा आहे, तिला बेझल म्हणतात. ती एकशेवीस टप्प्यांत फिरते आणि प्रत्येक टप्प्याला कट्ट असा बारीक आवाज येतो. तो आवाज ऐकण्यासाठीच मी ती रिकामपणी फिरवत बसतो. चावी आट्यांची आहे. ती घट्ट केली की आत पाणी जात नाही. काट्यांवर ज्याला आपल्याकडे अजून ‘रेडियम’ म्हणतात तो लेप आहे. त्यात आता रेडियम नसतं, पण रात्री खोलीत दिवा मालवला की काटे हिरवे पेटतात. तीनशे मीटर खोल पाण्यात चालेल असं तबकडीवर लिहिलंय. मी चंद्रपूरचा. रामाळा तलावाच्या काठावर वाढलो आणि मला पोहताही येत नाही.

अशा घड्याळांना ‘टूल वॉच’ म्हणतात. म्हणजे दागिना नव्हे, हत्यार. सुताराचा रंधा जसा, तसं पाणबुड्याचं हे घड्याळ. या जातीचा जन्म १९५३च्या सुमाराचा. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांना पाण्याखाली वाचता येईल असं घड्याळ हवं होतं. त्या गरजेतून ब्लांपँ कंपनीचं ‘फिफ्टी फॅदम्स’ आलं. रोलेक्सचं ‘सबमरीनर’ही त्याच काळातलं. गरज साधी होती. पाठीवरच्या टाकीत हवा मोजकी असते. पाण्यात उतरताना बेझलवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग किती मिनिटं गेली हे नुसत्या नजरेनं कळतं. बेझल एकाच दिशेनं फिरते याचंही कारण आहे. धक्का लागून ती सरकलीच तर गेलेली मिनिटं जास्त दिसावीत, कमी दिसू नयेत. माणूस लवकर वर आला तर चालेल, उशिरा येऊन चालणार नाही. पुढे अशा घड्याळांसाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. अंधारात पंचवीस सेंटीमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, आणि घड्याळ चालू आहे की बंद पडलंय हेही अंधारात दिसलं पाहिजे, असं ते सांगतं.

म्हणजे पाणबुड्याचं घड्याळ मुळात वेळ दाखवण्यासाठी नाहीच. किती श्वास उरलेत, या प्रश्नाचं ते उत्तर आहे. हे मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं मात्र धानोरा तालुक्यातल्या एका ओसरीवर.

दिवाळीनंतर चुलतबहिणीकडे गेलो होतो. चंद्रपूरहून मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. तिथून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येतं. बहीण सासरच्या गावात बारा वर्षांपासून आशा आहे. चहा देताना तिची नजर माझ्या मनगटावर गेली.

“दादा, केवढ्याले घेतलं जी?”

मी घरी सांगितलेलाच आकडा सांगितला. तिला तोही जास्त वाटला. मग तिनं विचारलं, “सेकंदाचा काटा आहे ना याले?”

घड्याळाबद्दल मला आजवर लोकांनी किंमत विचारली, कंपनी विचारली, खरं की नकली तेही विचारलं. सेकंदकाटा आहे का, हे विचारणारी ती पहिली. तिच्या स्वतःच्या हातात काळं प्लास्टिकचं डिजिटल घड्याळ होतं. तबकडीवर तास, मिनिटं आणि पळणारे सेकंद. ते तिनं विकत घेतलं नव्हतं. नवजात बाळाच्या घरभेटीसाठी आशांना जी पिशवी मिळते, तिच्यात वजनकाटा, थर्मामीटर, बाळाचं पांघरूण यांच्यासोबत हे घड्याळ येतं. त्याचं मुख्य काम एकच, साठ सेकंद मोजणं.

घड्याळ आणि श्वास यांचं नातं आपल्याकडे फार जुनं आहे, फक्त उलट्या बाजूनं. सूर्यसिद्धान्तात मोजता येणाऱ्या काळाचं सर्वांत लहान माप आहे ‘प्राण’, म्हणजे निरोगी माणसाचा एक श्वास. सहा प्राणांची एक विनाडी, म्हणजे पळ. साठ पळांची एक नाडी, म्हणजे घटका. साठ घटकांचा एक दिवस-रात्र. हिशेब केला तर दिवसाला २१,६०० श्वास होतात आणि एक श्वास सुमारे चार सेकंदांचा. आधी श्वास, त्यावरून वेळ. लग्नाच्या मांडवात पाण्यावर सोडलेलं भोक पाडलेलं घटिकापात्र चोवीस मिनिटांत बुडायचं, ती एक घटका. ‘नाडी’ या शब्दाचे दोन अर्थ, वेळेचं माप आणि मनगटावरची ठोक्यांची जागा, शेजारी शेजारी नांदले. पण वैद्य नाडी बघायचा ती तिच्या चालीसाठी. तिचे ठोके यंत्रावर मोजणं हा वेगळाच विचार होता.

तो युरोपात रुजवला जॉन फ्लॉयर या इंग्रज डॉक्टरनं. १७०७ साली त्यानं नाडीच्या घड्याळावर पुस्तकच लिहिलं. त्याआधी तो साधी घड्याळं वापरून पाहत होता, मग जहाजांवर असायचं तसलं एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ त्यानं वापरलं आणि शेवटी बरोबर साठ सेकंद चालणारं घड्याळ बनवून घेतलं. विसाव्या शतकात स्विस कंपन्यांनी डॉक्टरांसाठी खास तबकड्या काढल्या: तीस ठोके मोजा, काटा थांबवा, मिनिटाचा आकडा तबकडीवर वाचा. काहींवर श्वास मोजायचीही पट्टी होती. जुन्या घड्याळांच्या बाजारात त्या आज फार महाग आहेत.

आता आमच्या घरातलं एक घड्याळ. माझे वडील आरमोरीकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा झाला नव्हता. तो १९८२च्या ऑगस्टमध्ये झाला. वडिलांकडे एचएमटीचं ‘जनता’ होतं. सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीनं एचएमटीनं १९६१ साली बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि पुढच्या वीस वर्षांत नोकरदाराच्या हातात, नवरदेवाच्या हातात, बक्षीस म्हणून मास्तरांच्या हातात तीच दिसू लागली. आमच्या गावात ते बहुधा एकमेव चालू घड्याळ होतं. बाकी गाव ‘दिवस कासराभर वर आला’ यावर चालायचं. शाळेची घंटा, एसटीची वेळ, रेडिओवरच्या बातम्या, सगळं वडिलांच्या मनगटावरून व्हायचं. ते रोज सकाळी देवपूजेआधी त्याला चावी द्यायचे.

१९७६च्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण गेली. पाच महिन्यांची होती. तीन दिवस ताप, खोकला, मग पोट उडायला लागलं. नदीला पूर होता. आजीनं छाती शेकली, शेजारच्या गावातून कुणीतरी मुळी आणून उगाळून दिली. वडील रात्रभर कंदिलाजवळ बसून होते. मी सात वर्षांचा, मला फक्त तिचा आवाज आठवतो. वडिलांच्या डायरीत त्या तारखेला एकच ओळ आहे: पहाटे चार वाजून दहा मिनिटं.

म्हणजे घड्याळ तिथंच होतं. सेकंदकाटा मधोमध फिरत होता. कंदील होता, बाळाची छाती समोर होती, मोजता येणारा माणूस जवळ होता. त्या घड्याळानं शेवटची वेळ अचूक नोंदवली. आदले तीन दिवस ते काही सांगू शकलं असतं, पण त्याला काय विचारायचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

यात वडिलांना दोष देता येत नाही, कारण तो प्रश्न तेव्हा वैद्यकशास्त्रालाही नीट सापडलेला नव्हता. न्यूमोनिया ओळखायचा तर स्टेथोस्कोप हवा, क्ष-किरण हवेत, डॉक्टर हवा, असंच चालायचं. १९८०च्या दशकात पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या फ्रँक शान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की खोकणाऱ्या बाळाचे एका मिनिटातले श्वास मोजले, तर कुणाला औषधाची गरज आहे हे बऱ्याच अंशी ओळखता येतं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं वयानुसार आकडे ठरवले. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला साठ किंवा जास्त, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांच्या आत चाळीस. एवढंच. हे आकडे सापडले आणि जगातलं सेकंदकाटा असलेलं प्रत्येक घड्याळ एका दिवसात वैद्यकीय हत्यार झालं.

प्रत्येक घड्याळ, पण ते वाचणारा प्रत्येक माणूस नव्हे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत काम करायला आले. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेनं न्यूमोनियावर गावातच उपचार करायचं ठरवलं. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना आणि सुईणींनाही शिकवायचं, औषध त्यांच्याच हाती द्यायचं. अडचण अशी की बाळाजवळ सर्वांत आधी पोचणाऱ्या सुईणी निरक्षर. पन्नासपर्यंत मोजत जायचं आणि त्याच वेळी काट्यावर नजर ठेवायची, हे त्यांना जमेना.

त्यावर बंगांनी जे बनवलं ते माझ्या मते या मुलखातलं सर्वांत चांगलं टूल वॉच आहे. एक छोटी चौकट. तीत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारांवर ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी लहान बाळांसाठी, दुसरी थोड्या मोठ्यांसाठी. वाळू उलटी करायची. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू करा. दहाच्या पुढे मोजावं लागत नाही, आकडा वाचावा लागत नाही, चावी नाही, सेल नाही. फ्लॉयरनं घड्याळ बनवून घेतल्यावर बाजूला ठेवलेली एका मिनिटाची वाळू पावणेतीनशे वर्षांनी गडचिरोलीच्या सुईणीच्या हातात आली. १९९२ साली या श्वासमापकाबद्दलचा लेख बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. त्याआधी, १९९० साली, मूळ प्रयोगाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले होते. ५८ गावांत उपचार आणि ४४ गावांशी तुलना. उपचाराच्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते.

पुढचं पाऊल नवजात बाळांचं होतं. ३९ गावांत घरीच बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग झाला, १९९९ साली तोही ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२वरून साडेपंचवीसवर आला होता. २०११मध्ये ही पद्धत देशभरच्या आशांच्या कामात घेतली गेली, आणि त्या वाटेनं ते काळं प्लास्टिकचं घड्याळ माझ्या बहिणीच्या मनगटावर पोचलं.

दुसऱ्या दिवशी ती एका बाळाच्या सातव्या दिवसाच्या भेटीला निघाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिच्या सहा भेटी असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. मीही गेलो. आईनं बाळ ओसरीवर, उजेडात आणलं. बहिणीनं कपडा बाजूला केला आणि बाळ शांत होईस्तोवर थांबली. मला म्हणाली, “तुमीबी मोजा. पोट वर जाऊन खाली आलं का एक.”

मी बेझलची खूण लावली. नको होती, पण लावली. मोजायला लागल्यावर कळलं की नवजात बाळ घड्याळासारखं श्वास घेत नाही. भराभर पाच-सहा घेतं, मग क्षणभर थांबतं. त्या थांबण्यात मोजणाऱ्याचाही श्वास थांबतो. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नसतं, पुरं मिनिट मोजावं लागतं. इतकं लांब मिनिट मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

माझे सत्तेचाळीस आले, तिचे चव्वेचाळीस. मी म्हटलं, तुझं घड्याळ मागे असेल. ती हसली. “घड्याळ नाही जी, तुमी हातपाय हाललेबी मोजले.” ती बरोबर होती. साठच्या आत होते, काळजी नव्हती. साठ किंवा जास्त आले असते तर तिनं पुन्हा एकदा मोजलं असतं आणि मग गाडीला फोन. तिनं वहीत ४४ लिहिलं, वजन घेतलं, ताप पाहिला, आईला दोन गोष्टी समजावल्या आणि पिशवी उचलली.

परतताना मी विचारलं, “सेल संपला तर काय करतेस?” म्हणाली, “बाजारातून टाकून आणतो.” मग माझ्या घड्याळाकडे बघून तिनं विचारलं, “याले सेल नाही लागत?” मी सांगितलं, हाताच्या हालचालीनं आपोआप चावी बसते; काढून ठेवलं तर दोन दिवसांत बंद पडतं. तिला ते पटलं नाही. हत्यार बाजूला ठेवलं म्हणून बंद कसं पडतं?

घड्याळ माझ्याकडेच आहे आणि आवडतंही तितकंच. बेझलची कट्टकट्ट अजून चालू असते. वडिलांचं ‘जनता’ही दुरुस्त करून आणलंय, चावी दिली की दीडेक दिवस चालतं. कधी रात्री झोप लागली नाही तर मी ते कानाशी धरतो आणि सेकंदकाट्याची एक फेरी पुरी होईस्तोवर डोळे मिटून मोजत राहतो.