कडू कवठाचे तेल आणि एका विद्यार्थिनीचे नाव



आपल्या घरातील फळीवर तेलाच्या दोन-चार बाटल्या असतातच. डोक्याला खोबरेल, तान्ह्या बाळाला चोळायला तिळाचे तेल, अशक्त माणसासाठी हकीमसाहेबांनी सांगितलेले रोगन बदाम आणि पोट साफ करण्यासाठी एरंडेल. लहानपणी आईने नाक दाबून एरंडेल पाजले नाही, असा माणूस माझ्या पिढीत तरी विरळाच! मी शाळेत इतिहास शिकवतो. एकदा वर्गात औषधांचा विषय निघाला असता एका मुलीने विचारले, "सर, राजांचा इतिहास असतो, लढायांचा असतो, तेलाचा कसला इतिहास?" त्या दिवशी घंटा झाली आणि उत्तर अर्धवट राहिले. ते उत्तर आज या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणा सर्वांपुढे ठेवीत आहे.

प्रथम तेल म्हणजे काय ते पाहू. वनस्पतींपासून मिळणारी तेले दोन प्रकारची. निलगिरीच्या किंवा लवंगेच्या तेलाचा थेंब कागदावर टाका; थोड्या वेळाने तो उडून जातो. ही उडून जाणारी तेले. एरंडेल, तीळ, बदाम, खोबरे यांच्या तेलाचा थेंब टाका. कागदावर पडलेला तेलकट डाग जात नाही. ही स्थिर तेले. स्थिर तेलात मेदाम्ले ग्लिसरीनशी बांधलेली असतात. औषधनिर्मितीत या तेलांचे काम मोठे आहे. एरंडेलातील मेदाम्ल आतड्यांना चालना देते, म्हणून ते रेचक. तीळ व भुईमूग यांच्या शुद्ध तेलात काही औषधे विरघळवून त्यांची इंजेक्शने करतात. मलमे, लेप, साबण यांचा पायाही हीच तेले. परंतु या कुटुंबातील एका तेलाने जगातील सर्वांत तिरस्कृत रोगाशी जवळजवळ एकाकी झुंज दिली. ते तेल म्हणजे चालमोगऱ्याचे तेल होय.

आपल्याच किनाऱ्यावरचे झाड

चालमोगरा हे एका झाडाचे नाव नसून एका वंशातील अनेक झाडांच्या बियांना ते लाभले आहे. एक जात आसाम, चितगाव व ब्रह्मदेशाच्या जंगलात होते. दुसरी आपल्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, कोकणापासून केरळापर्यंत वाढते. कोकणात तिला कडू कवठ म्हणतात. तिचे फळ गोल, कठीण सालीचे. आत तेलकट बिया. सुश्रुतसंहितेत 'तुवरक' नावाचा वृक्ष पश्चिम समुद्राच्या किनारी वाढतो असे सांगून त्याचे तेल कुष्ठावर देण्यास सांगितले आहे. तो वृक्ष म्हणजे हेच कडू कवठ असे अभ्यासक मानतात. आपल्या गावच्या ओढ्याकाठी उभ्या असलेल्या झाडाला केवढा जुना इतिहास आहे, पाहा!

पाश्चात्त्य वैद्यकात या तेलाचा प्रवेश कलकत्त्याहून झाला. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक फ्रेडरिक माऊट यांनी १८५४ साली आपल्या रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यानंतर हे तेल युरोपच्या औषधालयांत पोचले. मात्र एक घोटाळा होता. बाजारात येणाऱ्या बिया नेमक्या कोणत्या झाडाच्या, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांनी चूक केली होती. एका भलत्याच झाडाचे नाव ग्रंथांतून जवळजवळ शतकभर चालत राहिले. १९०० च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे डेव्हिड प्रेन यांनी ती चूक दुरुस्त केली. छापलेले सारेच खरे नसते, हा धडा विद्यार्थ्यांनी येथे घ्यावा.

दरम्यान १८७३ साली नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. हा रोग शाप नव्हे, पापाचे फळ नव्हे, वंशपरंपरेने येणाराही नव्हे. तो जंतूमुळे होतो, हे सिद्ध झाले. पण जंतू सापडला तरी औषध कोठे होते?

तेल होते, पण घेववत नव्हते

चालमोगऱ्याचे तेल चवीला कडवट व पोटाला असह्य. पाजले की मळमळ व उलटी. पुष्कळ रोगी रोग परवडला पण तेल नको असे म्हणत. कातडीवर चोळले तर गुण फार थोडा. मग इंजेक्शनाचा विचार आला. १८९४ साली कैरो येथील डॉ. तोर्तुलिस बे यांनी तेल न सोसणाऱ्या एका रोग्याला ते त्वचेखाली टोचले. सहा वर्षांत त्या माणसाने ५८४ इंजेक्शने घेतली आणि तो बरा झाल्याचे जाहीर झाले. ५८४! कारण तेल दाट. ते टोचले की अंगात पसरत नसे, त्वचेखाली गाठ होऊन राही आणि अत्यंत वेदना होत.

१९०४ साली लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर यांनी या तेलातून एक वेगळ्याच रचनेचे मेदाम्ल वेगळे केले व त्याला चालमोगरिक आम्ल असे नाव दिले. गुण कशात आहे याचा माग लागला. तो शरीरात पोचवायचा कसा, हा प्रश्न मात्र उरला.

होनोलुलूची तरुण शिक्षिका

आता आपण पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर जाऊ. तेथे १८६५ साली कायदा झाला आणि १८६६ पासून कुष्ठरोग्यांना पकडून मोलोकाई बेटावरील कलाउपापा या द्वीपकल्पावर पाठवू लागले. एका बाजूला उभा कडा, तीन बाजूंना समुद्र. आईपासून मूल आणि पतीपासून पत्नी तोडली जाई. १९६९ पर्यंत सुमारे ८,००० माणसे अशी पाठवली गेली.

होनोलुलूच्या कालिही रुग्णालयात डॉ. हॅरी हॉलमन हे रोग्यांना चालमोगऱ्याचे तेल देत असत. त्याचे हाल त्यांना पाहवेनात. त्यांनी तेथील महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या एका तरुणीकडे मदत मागितली. तिचे नाव ॲलिस बॉल.

ॲलिसचा जन्म २४ जुलै १८९२ रोजी अमेरिकेतील सिएटल शहरी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. तिचे आजोबा नामांकित छायाचित्रकार होते. वॉशिंग्टन विद्यापीठातून तिने औषधी रसायनशास्त्र व औषधनिर्माणशास्त्र अशा दोन पदव्या घेतल्या. १९१५ साली हवाईच्या महाविद्यालयातून तिने एम्. एस्. पदवी मिळविली. तेथे ती पदवी मिळविणारी ती पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. तिच्या प्रबंधाचा विषयही एका औषधी मुळीचे रसायन हाच होता, म्हणूनच डॉ. हॉलमन तिच्याकडे आले.

दिवसा वर्ग आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, असा तिचा क्रम सुरू झाला. तिने तेलातील मेदाम्ले ग्लिसरीनपासून सोडविली आणि त्यांचा अल्कोहोलशी संयोग घडवून आणला. त्यातून तयार झालेले द्रव्य मूळ तेलापेक्षा कितीतरी पातळ होते. ते टोचले असता गाठ न होता अंगात जिरत असे आणि तेलाचा गुणही त्यात टिकून राही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे न सुटलेले कोडे तेवीस वर्षांच्या शिक्षिकेने सोडविले.

पण आपले काम प्रसिद्ध करण्यापूर्वीच ती आजारी पडली. ३१ डिसेंबर १९१६ रोजी सिएटल येथे, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, तिचे निधन झाले.

नाव पुसले गेले

यापुढील भाग मी वर्गात सांगतो तेव्हा मुले गप्प होतात. महाविद्यालयाचे अध्यक्ष आर्थर डीन हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी ते काम पुढे चालविले, औषध मोठ्या प्रमाणावर तयार केले आणि त्यावर लेख प्रसिद्ध केले. पण त्यांत ॲलिस बॉलचे नाव नव्हते. जग त्या रीतीला 'डीन पद्धत' म्हणू लागले. १९२० च्या सुमारास कालिहीतील ७८ रोग्यांना घरी जाण्याची परवानगी मिळाल्याची नोंद आहे. ज्यांना परतीची वाट नव्हती ती माणसे आपल्या उंबरठ्यावर परत आली. मात्र ज्या बुद्धीने ती वाट काढली तिचे नाव त्यांना ठाऊक नव्हते.

एकट्या डॉ. हॉलमन यांनी १९२२ साली लेख लिहून या रीतीला 'बॉल पद्धत' म्हटले आणि मूळ पद्धतीत पुढे काही सुधारणा झालेली दिसत नाही असेही नमूद केले. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. अर्धशतक उलटल्यावर काही संशोधकांनी जुनी दप्तरे चाळून तिचे काम उजेडात आणले. सन २००० मध्ये हवाई विद्यापीठाने आपल्या आवारातील चालमोगऱ्याच्या झाडापाशी तिच्या नावाची पाटी बसविली. मृत्यूनंतर ८४ वर्षांनी!

आपल्या देशात काय झाले?

भारतातही या काळात कलकत्त्याला लिओनार्ड रॉजर्स व नंतर अर्नेस्ट म्यूर यांनी याच तेलापासून केलेली इंजेक्शने वापरली. आपल्या कडू कवठाचे तेल त्यासाठी उपयोगी पडले. सुया टोचून घेण्यासाठी रोग्यांच्या रांगा लागत. १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी आणि १९४६ साली अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठसेवेचे काम उभारले. आनंदवनाचे बाबा आमटे हे तर या रोगाचे शिक्षण घेण्यासाठी कलकत्त्यालाच गेले होते.

खरे ते सांगितले पाहिजे. हे तेल रामबाण नव्हते. काहींना गुण आला, काहींना आला नाही, काहींचा रोग उलटला. १९४१ साली अमेरिकेत सल्फोन वर्गातील औषधाचा गुण दिसला, त्यापाठोपाठ डॅप्सोन आले आणि तेल मागे पडले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. आज रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की हा रोग पूर्ण बरा होतो, आणि या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

तरीही भीती गेली नाही. कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवण्याचा १८९८ चा कायदा आपल्या देशात २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून अनेक कायद्यांत लिहिलेले होते. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यातही होते. २०१९ साली ते सर्वांतून काढून टाकण्यात आले. कायद्याच्या पुस्तकातून जे निघाले ते आपल्या मनातून निघाले आहे काय, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

पालकांस व विद्यार्थ्यांस

माता-पित्यांनो, मुलाच्या अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला आणि त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. 'लोक काय म्हणतील' या विचारात गेलेले महिने पुढे हातापायांना महाग पडतात. चट्टा लपविण्यात अब्रू नाही. वेळेवर औषध घेण्यात शहाणपण आहे. मूल गोळ्या घेत असेल तर त्याला शाळेतून काढू नका. औषध सुरू झाल्यावर त्याच्यापासून इतरांना धोका राहत नाही.

आणि दुसरी गोष्ट. मुलगी दहावीला चांगले गुण मिळवून विज्ञान शाखेला जाऊ म्हणते, तेव्हा "कशाला एवढे शिकायचे?" हा प्रश्न आपल्या अनेक घरांत अजून निघतो. ज्या समाजात ॲलिस बॉल जन्मली, त्या समाजाला तेव्हा पुष्कळ दारे बंद होती. तिच्या घराने तिला शिकविले. तिला अवघी चोवीस वर्षे मिळाली, पण त्यात तिने हजारोंच्या वेदना कमी केल्या. आपल्या मुलींपैकी कोणाच्या हातून काय घडेल, हे आज कोण सांगू शकेल? दार उघडे ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगतो की दुसऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवाल तेव्हा त्या वहीवरचे नाव आठवा. कोणाचे श्रम वापराल तर त्याचे नाव घ्या. आणि त्या मुलीला, जिने मला तेलाचा इतिहास विचारला होता, माझे उत्तर असे: बाळ, तेलाला इतिहास असतो, कारण ते कोणीतरी काढलेले असते, कोणीतरी सोसलेले असते. कागदावरचा त्याचा डाग जात नाही. माणसाचे नाव मात्र पुसले जाते, म्हणून ते जपून लिहून ठेवावे लागते. इतिहासाच्या शिक्षकाचे काम तेच आहे.