ब्रिटिश डिझेल रेलकार : डब्यांचे क्रमांक

ब्रिटनमधील ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९३३ पासून आणलेल्या डिझेल रेलकारना १ ते ३८ असे साधे, सरळ क्रमांक होते. १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतर त्यांना अक्षरे जोडली गेली. बावीस क्रमांकाची रेलकार ‘डब्ल्यू २२ डब्ल्यू’ झाली. पुढचे अक्षर विभागाचे, मागचे मूळ कंपनीचे.

१९५४ मध्ये डर्बी कारखान्यातील हलक्या वजनाच्या डिझेल गाड्या लीड्स-ब्रॅडफर्ड भागात धावू लागल्या आणि ७९००० पासूनची मालिका सुरू झाली. क्रमांक गाडीला नव्हे, प्रत्येक डब्याला मिळे. गाड्या भराभर वाढल्या, तेव्हा ५०००० पासून नवी मालिका काढावी लागली. ती फार विचारपूर्वक आखलेली होती : इंजिनाचे डबे ५०००० पासून, चालककक्ष असलेले बिनइंजिनाचे डबे ५६००० पासून, मधले बिनइंजिनाचे ५९००० पासून. फलाटावरून आकडा वाचला, की डब्याचे काम कळे.

पुढे १९७० च्या दशकात संगणकीय नोंदीसाठी गाड्या ओढणाऱ्या स्वतंत्र इंजिनांनाही पाच आकडी क्रमांक दिले गेले आणि घोटाळा झाला. ५०००१ क्रमांकाचे इंजिनही होते आणि डबाही! अखेर १९८३ मध्ये डब्यांनीच माघार घेतली. ५० ने सुरू होणारे क्रमांक ५३ वर गेले, ५६ चे ५४ वर.

जुन्या मालिकेतील ७९९०० हा एकटा धावणारा डबा पुढे ‘आयरिस’ नावाने रेल्वेची फिरती प्रयोगशाळा बनला. तो आजही जतन केलेला आहे.