वर्धेच्या पलीकडची सहल: कोरपना, माणिकगड आणि पुसट झालेली एक सरहद्द

चंद्रपूर जिल्ह्यात सुट्टी घालवायची म्हटले की बेत ताडोब्यापासून सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. वर्धा नदी ओलांडून राजुरा, गडचांदूर, कोरपना या बाजूला वळणारा प्रवासी विरळाच. वास्तविक इथे डोंगररांग आहे, नागचिन्हाचा किल्ला आहे, पायथ्याशी अमलनाल्याचा जलाशय आहे आणि कोरपना तालुक्यातच पकडीगुड्डमचे धरणही आहे. चंद्रपूरहून गडचांदूर सुमारे 45 किलोमीटर. मग हा भाग सहलीच्या नकाशातून का सुटतो? रस्ते आणि जाहिरात ही कारणे आहेतच. पण त्यांच्या मुळाशी आणखी जुने एक कारण आहे आणि ते वाटेतच आडवे येते. ते म्हणजे वर्धा नदी.

1853-54 नंतरचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. वर्धेच्या पश्चिमेचा राजुरा-कोरपना भाग मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात राहिला. उत्तरेला पैनगंगा, तिच्या पलीकडचे वणी पुन्हा इंग्रजी अमलाखाली. म्हणजे कोरपन्याच्या शेतकऱ्याला नदीपलीकडच्या बाजाराला जायचे तरी ते दुसऱ्या राज्यात जाणे होते. 15 ऑगस्ट 1947 रोजी बल्लारपूर स्वतंत्र भारतात होते. नदीच्या या काठावरच्या राजुऱ्याला 17 सप्टेंबर 1948 ची वाट पाहावी लागली. मराठवाड्याचा मुक्तिदिन विदर्भातल्या या कोपऱ्याचाही मुक्तिदिन आहे, हे अभ्यासक्रमात फारसे येत नाही. पुढे 1956 च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तालुका आदिलाबादेतून निघून नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि 1959 मध्ये चांदा जिल्ह्यात आला. ज्यांचे बालपण निजामी अमलात गेले, त्यांनी गाव न सोडता तीन जिल्हे पाहिले.

आता तळ्यांकडे वळू. सहलीला येणारा पाणी पाहतो आणि त्याला निसर्ग म्हणतो. चांद्याची बहुतेक तळी मात्र माणसांनी बांधलेली आहेत. गोंड राजा हीरशहा याच्याविषयी एक परंपरा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज जमाबंदी अधिकाऱ्यांनी टिपून ठेवली आहे: जो तळे बांधील, त्याला त्या तळ्याच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन इनाम. महसुलाच्या भाषेत ही फार शहाणी अट होती. तळे जितके चांगले, तितके इनाम मोठे. निकृष्ट काम करणाऱ्याचा तोटा त्याचा त्यालाच. वैनगंगेच्या खोऱ्यात तळी बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. चंद्रपुरातला रामाळा तलाव, शहराजवळचे जुनोना, शिवाय गावोगावचे शेकडो तलाव या जलपरंपरेतलेच. घोडाझरी आणि आसोलामेंढा हे मोठे जलाशय त्यानंतरचे. इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात ते उभे राहिले.

जुन्या तळ्यांची ही दाटी मात्र जिल्ह्याच्या पूर्वेलाच आहे. कारण जमिनीत आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल हा धानाचा मुलूख. धानाला बांधीत पाणी उभे लागते, म्हणून गावाला तळे लागते. कोरपना तालुका काळ्या मातीचा, कापसाचा आणि ज्वारीचा. ही माती पावसाची ओल धरून ठेवते, तिला दारात तळे असण्याची तेवढी निकड नाही. अमलनाला आणि पकडीगुड्डम ही धरणे महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची, पाटबंधारे खात्याची. पावसाळ्यात अमलनाल्याच्या सांडव्यावरून पाणी कोसळू लागले की आसपासची गर्दी तिथे लोटते. त्या गर्दीला हे पाणी डोंगराइतकेच जुने वाटत असले तर नवल नाही.

डोंगर मात्र खरोखर जुना आहे आणि त्यावरचा किल्लाही. माणिकगड समुद्रसपाटीपासून 500 मीटरहून थोडा उंच. माना राजांनी तो बांधला अशी परंपरा आहे आणि काळ सुमारे नववे शतक सांगितला जातो. दरवाजावर कोरलेला नाग त्या नागवंशी परंपरेची खूण. किल्ल्याचे नाव माणिक्यादेवीवरून आले, असे मानतात. पुढे तो चांद्याच्या गोंड राजांच्या ताब्यात गेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये 'माणिकदुर्ग' हे नाव येते. आज रान माजलेल्या या तटबंदीच्या नावाने तेव्हा एक अख्खे सरकार, म्हणजे आजच्या जिल्ह्याएवढा मुलूख ओळखला जाई. रायगड-प्रतापगडाच्या दहा फेऱ्या करणाऱ्या दुर्गप्रेमींनी एक दिवाळी इकडे काढायला हरकत नसावी.

या किल्ल्याच्या नावाला दुसरे आयुष्य मिळाले ते सिमेंटच्या पोत्यावर. डोंगराच्या पायथ्याशी आणि पैनगंगेच्या खोऱ्यात चुनखडीचे प्रचंड थर आहेत. ते जीवसृष्टी नुसती सूक्ष्म होती त्या काळातल्या समुद्रात साचले. 1980 च्या दशकात गडचांदूरला माणिकगड सिमेंट आणि आवारपूरला आणखी एक मोठा कारखाना उभा राहिला, पुढे इतरही आले. महाराष्ट्रातल्या किती इमारतींच्या भिंतींत हा डोंगर मिसळला असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. रोजगार आला, गडचांदूर शहर झाले. त्याच वेळी खाणींची पायरी-पायरीची खोदाई घाटरस्त्यावरून दिसू लागली. सहलीचे छायाचित्र काढताना चिमणी चौकटीबाहेर ठेवण्याची धडपड बरेच जण करतात. ती चौकटीत राहू द्यावी. विसाव्या शतकाचा पुरावा तोच आहे.

बेत आखताना ऋतूचा विचार आधी करावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या पुढे जातो. तेव्हा किल्ला चढणे हा अविचार. भर पावसाळ्यात वर्धेला पूर आला की राजुऱ्याचा पूल पाण्याखाली जाऊन वाट बंद होते, आणि जुनी सरहद्द काही तासांपुरती पुन्हा जिवंत होते. पाऊस ओसरल्यापासून दिवाळीनंतरपर्यंतचा काळ उत्तम.

मुक्काम दोन दिवसांचा असेल तर दुसऱ्या दिवशी किल्ल्यावरून पुढे जिवतीच्या पठारावर जावे. कोलाम आणि गोंड पाड्यांच्या या प्रदेशात 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून बरीच कुटुंबे येऊन वसली. त्यामुळे गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू आणि नांदेडकडची मराठी एकाच आठवडी बाजारात ऐकू येते. पठाराच्या टोकाला परमडोली, मुकदमगुडा आणि आसपासची मिळून 14 गावे आहेत. महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही त्यांवर हक्क सांगतात. दोन शाळा, दोन ग्रामपंचायती, दोन शिधापत्रिका, दोन्हीकडच्या मतदार याद्यांत नाव. 1956 मध्ये भाषेच्या आधारे ओढलेली रेघ इथे अजून सुकलेली नाही.

याच डोंगरांच्या तेलंगणाकडच्या उतारावर केरामेरीजवळ जोडेघाट आहे. जंगल राखीव करून निजामी वनखात्याने पोडू शेती आणि गुरेचराई यांवर दंड बसवला, तेव्हा कुमरम भीम या गोंड तरुणाने तिथे बंड उभारले आणि ऑक्टोबर 1940 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. हादरलेल्या निजाम सरकारने कारणे शोधण्यासाठी ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाला पाठवले. राजगोंडांवरचा त्याचा ग्रंथ 1948 मध्ये, म्हणजे संस्थान संपले त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. भीमची पुण्यतिथी आश्विन पौर्णिमेला पाळतात. त्या रात्री इकडे कोजागरीचे दूध आटत असते आणि पठारावरचे गोंड जोडेघाटच्या वाटेला लागलेले असतात.