भोपाळचा वेढा : शिदोरी आणि मजल

दूरच्या प्रवासास निघणाऱ्याने शिदोरी किती घ्यावी व दिवसाची मजल किती ठेवावी, हा विचार एकट्या वाटसरूस चुकत नाही, तसाच सैन्यासही चुकत नाही. ओझे वाढले की मजल आखडते आणि मजल आखडली की शिदोरी अपुरी पडते. इ. स. १७३७ च्या अखेरीस भोपाळ येथे घडलेला प्रसंग या सत्याचा ठळक दाखला होय.

त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात थोरले बाजीराव पेशवे मोगली फौजांना बगल देऊन अकस्मात दिल्लीच्या वेशीवर थडकले होते. त्यांना आवर घालण्यासाठी बादशहा महंमदशहाने निजामुल्मुल्कास पाचारण केले. प्रचंड तोफखाना घेऊन निजाम माळव्यात उतरला व डिसेंबरात भोपाळास आला.

उभय सैन्यांची रीत भिन्न होती. मराठी स्वार थोडकी शिदोरी बाळगून निघे. दसऱ्यास सीमोल्लंघन करून मोहिमेस निघण्याच्या प्रघातामुळे वाटेवर नवे धान्य व घोड्यांस वैरण मिळण्याची सोय असे. निजामाची मजल मात्र तोफा ओढणाऱ्या बैलांच्या पावलांनी मोजली जाई.

बाजीरावांनी त्या तोफांशी समोरासमोर झुंज घेतली नाही. त्यांनी रसद तोडली. तिकडे चिमाजी आप्पा तापीकाठी वरणगाव येथे ठाण मांडून होते, त्यामुळे निजामपुत्र नासिरजंगाची कुमक दक्षिणेतून येऊ शकली नाही. भोपाळचा किल्ला व तलाव यांच्या आश्रयास निजामाचे सैन्य कोंडले गेले. पाणी होते, पण धान्य रुपयास शेर झाले. घोडी पळसाच्या पानांवर जगू लागली, तोफांचे बैल मारून खाण्याची पाळी आली आणि निजामाच्या पक्षातील राजपुतांस तर निव्वळ उपास घडले. जड सामान मागे टाकून, तोफांच्या आडोशाने निजाम बाहेर पडला, तरी दिवसाकाठी जेमतेम दीड कोस वाटचाल होई.

अखेर जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराई येथे त्याने तह मान्य केला. संपूर्ण माळवा, नर्मदा व चंबळा यांमधील प्रदेशाचे स्वामित्व आणि खर्चादाखल ५० लक्ष रुपये बादशहाकडून मिळवून देण्याचे त्याने कबूल केले.

माळव्यात मराठी सत्ता रुजत होती, त्याच काळात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी उज्जयिनीच्या महाकाळेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार केला. सारस्वत कुळांस अभिमान वाटावा असे हे कार्य होय. तथापि भोपाळच्या यशाचे स्मरण करताना धन्याच्या चुकीच्या हिशेबापायी उपाशी राहिलेले शिपाई व मुकी जनावरे यांचाही विसर पडू नये. मोहिमेचा आराखडा सेनापती आखतो; त्यातील उणीव प्रथम भोगतो तो पायदळाचा शिपाई.